कूलर नावाची कॅसेट

एप्रिल लागला की आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीतल्या गच्च्या भरून जातात. कोणाच्या कुरडया, कोणाच्या मुगाच्या वड्या, कोणाची लाल मिरची. माझ्या गच्चीवर जुन्या चादरीवर कॉम्प्युटर वाळत असतात.

म्हणजे अख्खे नाही, त्यांची कवचं. जुन्या व्हिडिओ गेमचं आणि कॉम्प्युटरचं प्लॅस्टिक वर्षांनुवर्षं पडून राहिलं की हळदीसारखं पिवळं पडतं. केस रंगवायच्या आधी पार्लरमध्ये पेरॉक्साइडची क्रीम लावतात, ती ब्रशने त्याच्यावर लावायची, वरून पातळ पारदर्शक कागद गुंडाळायचा आणि उन्हात ठेवायचं. पुण्या-मुंबईच्या हौशी लोकांना यात दोन-तीन दिवस जातात म्हणे. आमच्याकडे सकाळी नऊला ठेवलं की बाराला पांढरं शुभ्र. फक्त दर अर्ध्या तासानं फिरवत राहावं लागतं, नाही तर चट्टे पडतात. कुरडया उलटण्यात माझी हयात गेली, त्यामुळे माझ्या हाताखाली चट्ट्याची पडायची टाप नाही.

"काकू, हे काय वाळवून राहिल्या?" शेजारची विचारते.

"कीबोर्ड."

"तळून खाता?"

"आधी भिजत घालते."

पार्लरवाली मुलगी क्रीमची बाटली देताना दर वेळी माझ्या डोक्याकडे बघते. "आजी, तुमचे केस तर आधीच पांढरे आहेत. मग हे कोणाले लावता?" तिला मी अजून सांगितलेलं नाही.

माझ्या मधल्या खोलीत आज एकोणीस यंत्रं आहेत. टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम आहेत, ज्यांच्या एका कॅसेटवर हजारो गेम असल्याचं लिहिलेलं असे आणि आत तेच पाच पुन्हा पुन्हा निघत. ज्यांची किंमत एके काळी स्कूटरएवढी होती आणि जे आज कबाड्याकडे पत्र्याच्या भावात पडलेले असतात, असे घरगुती कॉम्प्युटर आहेत. शिवाय तीन मागून फुगलेले जुने टीव्ही आहेत, कारण ही जुनी मंडळी नव्या सपाट टीव्हीशी नीट बोलत नाहीत. सगळी यंत्रं चालू आहेत. न चालणारं काही मी त्या खोलीत ठेवत नाही, नवरा सोडून. त्याचे गुडघे गेलेत आणि त्याच्या आरामखुर्चीला दुसरीकडे जागा नाही.

याची सुरुवात नातीच्या एका मेलेल्या व्हिडिओ गेमपासून झाली. सुट्टीला आली होती तेव्हा तो इथेच टाकून गेली. मी कॅसेटच्या पितळी दातांवरून खोडरबर फिरवला, औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटनं पुसलं, आणि तो चालला! साठी उलटल्यावर आपल्या हातून मेलेलं काही जिवंत होतं, ही नशा काय सांगू. मग रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे बसून सोल्डरिंग शिकले. कबाडीवाला फोन करायला लागला, "मावशी, आपका माल आया है," आणि नवरा शेजारच्यांना सांगायला लागला की ही तस्करीत गेली.

लोक विचारतात, काहून करता हे या वयात? मी सांगते, वेळ जातो. ते खोटं आहे. माझा वेळ न सांगताही जातो. खरं कारण एक कॅसेट आहे, आणि ती ज्या बाईनं पुसली ती बाई.

ती बाई मीच. छत्तीस वर्षांची, ट्रंक एक्स्चेंजमध्ये, म्हणजे परगावचे फोन जोडून देणाऱ्या कचेरीत, ऑपरेटर. अंबाडा असा घट्ट की भुवया वर ओढल्या जात. कानाला हेडफोन चढवला की चेहरा असा, जणू देशाचा कारभार माझ्याच तारांमधून चाललाय. आपल्या कानाचा तर मला भलता गर्व. नुसत्या खरखरीवरून मी सांगत असे, ही लाइन चंद्रपूरची, ही गोंदियाची. ती बाई आज समोर आली तर आधी तिला पाणी देईन, आणि मग एक सणसणीत चिमटा काढीन.

माझे धाकटे दीर तेव्हा आखातात नोकरीला होते. त्यांनी माझ्या लेकीसाठी एक कॉम्प्युटर आणला. वहीएवढा, काळा, रबराच्या कळांचा. तो टीव्हीला जोडायचा. त्याला स्वतःचं काही लक्षात राहत नसे. बंद केला की सगळं विसरला. म्हणून त्यात जे लिहिलं ते साध्या टेपरेकॉर्डरवर, गाण्याच्या कॅसेटमध्ये, आवाजाच्या रूपानं भरून ठेवायचं. पुन्हा हवं असलं की कॅसेट वाजवायची. कॉम्प्युटर ती ऐकायचा आणि त्याला सगळं आठवायचं.

लेक बारा वर्षांची होती. त्या मे महिन्यात ती दुपारभर त्या टीव्हीसमोर. स्वतःचा गेम लिहून राहिली होती. कसला गेम, हे मी एकदाही विचारलं नाही. मी फक्त दारातून ओरडत असे, "अभ्यासाला बस!" मे महिन्यात. शाळा बंद असताना. कोणत्या अभ्यासाला, ते मलाही ठाऊक नव्हतं.

शाळा उघडायच्या आत तिचा गेम होत आला. शेवटचं थोडं राहिलं होतं, ते दिवाळीत काका आले की त्यांना विचारून करणार होती. दर पत्रात ती त्यांना लिहीत असे, तुम्ही या, मी दाखवते.

आणि मग कोजागिरी आली.

आमच्याकडे भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई मांडतात. रोज संध्याकाळी तिची गाणी म्हणायची आणि डबा हलवून आतला खाऊ ओळखायचा. माझ्या सासूबाई सावनेरकडच्या. त्यांना अशी गाणी येत होती जी गल्लीत दुसऱ्या कोणालाही येत नव्हती. कोजागिरीच्या दिवशी माझ्या मनात आलं, ती भरून ठेवावी. विचार चांगलाच होता. त्या बाईचे विचार नेहमी चांगलेच असत, म्हणून तर तिला आवरणं कठीण.

कोरी कॅसेट घरात नव्हती. लेकीच्या खणात एक सापडली. वर तिच्या अक्षरात लिहिलेलं, 'कूलर'. मी लावून पाहिली. कूंऽऽ, किर्रर्र, खर्रर्र. चंद्रपूर आणि गोंदिया ओळखणाऱ्या त्या कानानं तत्काळ निकाल दिला: कूलरचाच आवाज! येडी पोरगी, उन्हाळाभर कूलरचा आवाज भरत बसली.

कॅसेटच्या मागच्या काठाला प्लॅस्टिकची एक छोटी चौकट असे. चुकून पुसली जाऊ नये अशी कॅसेट असली की ती चौकट मोडून टाकत. या कॅसेटची चौकट मोडलेली होती. आणि मोडलेल्याचा अर्थ मला माहीत होता, हेच तर वाईट. मी कागदाची गोळी केली, त्या भोकात खुपसली आणि लाल बटण दाबलं.

"सुरू झालं का वं?" सासूबाईंनी विचारलं.

"हो आई, म्हणा तुम्ही."

"मंग तू काहून मधात बोलून राहिली?"

हे सगळं भरलं गेलं. मग गाणी. त्यांनी डोळे मिटून, मांडीवर ताल धरून म्हटलेली नऊ गाणी. नववं संपता संपता स्वयंपाकघरातून वास आला आणि त्या ओरडल्या, "बंद कर वं ते, दूध उतू चाललं!" मी खटकन बटण दाबलं आणि पळाले.

थोड्या वेळानं लेक मैत्रिणीकडून आली. टेपरेकॉर्डरमधली कॅसेट बघून जागच्या जागी थांबली. मी कौतुकानं सांगितलं, आजीची गाणी भरली. तिनं एकच विचारलं.

"किती भरली?"

"अख्खी!" मी म्हटलं. "काठोकाठ."

कारण ती बाई बढाईखोर होती. दूध अर्ध्या पातेल्यावर आलं तरी ती उतू गेलं म्हणून सांगणार. दुसऱ्या दिवशी एक्स्चेंजमध्ये तिनं नऊ गाण्यांची पंधरा केली होती.

लेक रडली नाही. कॅसेट काढून तिनं माझ्या हातात दिली आणि आतल्या खोलीत गेली. मला वाटलं, पोरीला आजीच्या गाण्यांची गोडी लागली.

दिवाळीत दीर आले. आल्या आल्या म्हणाले, "दाखव बरं, काय केलं ते." ती म्हणाली, "नाही केलं काही." तेव्हा तो आवाज कसला होता, हे मला कळलं. दिरांनी समजावून सांगितलं. आणि मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "मग पुन्हा लिहील की! पाठ असेलच."

तिनं पुन्हा लिहिला नाही. कॉम्प्युटर खोक्यात गेला, खोकं माळ्यावर गेलं, आणि काही वर्षांनी माळा साफ करताना मी ते भंगारवाल्याला देऊन एक प्लॅस्टिकची बादली घेतली. बादली टिकली बरीच, तेवढं कबूल करायला हवं.

कॅसेट मात्र राहिली. सासूबाई गेल्यावर ती देवघराच्या खणात, पांढऱ्या रुमालात. दर कोजागिरीला काढायची, वाजवायची. "दूध उतू चाललं" आलं की सगळे हसायचे, कोणीतरी डोळे पुसायचं, आणि मी बटण दाबून ती पुन्हा रुमालात बांधायची. लेक माहेरी असली तर त्या वेळी तिला नेमकं स्वयंपाकघरात काम निघायचं.

ती रसायनशास्त्र शिकवते, पुण्याला. तिची मुलगी, म्हणजे माझी नात, कॉम्प्युटरच शिकते. दोन वर्षांपूर्वी जेवताना नात तिच्या कॉलेजातलं काही सांगत होती आणि मध्येच म्हणाली, "जाऊ दे आई, तुला यातलं कळणार नाही."

लेक म्हणाली, "मी पण लिहिला होता एक गेम. बारा वर्षांची होते."

"तू? दाखव ना!"

"पुरावा नाही," लेक म्हणाली.

नातीनं ते थट्टेवारी नेलं. लेकीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, भाकरीचा तुकडा मोडत राहिली. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. तोवर जुनी यंत्रं गोळा करणं हा माझा छंद होता. त्या घासानंतर तो छंद राहिला नाही. गेम तर मी पुसलेला होता, तो कुठून आणणार? पण निदान ते यंत्र तरी आणायचं, तेच, रबराच्या कळांचं. तिच्या पोरीसमोर ठेवून म्हणायचं, हे बघ, यावर लिहिला होता. मी साक्षीदार आहे. आरोपीच साक्षीदार, पण दुसरं होतं कोण?

ते मिळायला वर्ष गेलं. मिळालं कन्हानला, एका निवृत्त मास्तरांच्या घरी, फडताळात पिठाच्या डब्याखाली टेकू म्हणून.

"बाई, चालत नाही ते," मास्तर म्हणाले.

"चहा घेतल्याशिवाय मीही चालत नाही. द्या तुम्ही."

त्याच्या कळांखालचा पातळ पडदा तडकलेला होता, तो बदलला. आतले कपॅसिटर सुकले होते, ते बदलले. नवरा खुर्चीतून बघत होता. "जुन्याचे सगळे भाग बदलून राहिली. माझे गुडघे काहून नाही बदलत?" तुमचे सुटे भाग मिळत नाहीत, मी म्हटलं. आणि एका सकाळी फुगलेल्या टीव्हीवर राखाडी पडद्याच्या तळाशी एक ओळ उमटली. यंत्र जागं झालं होतं.

या मे महिन्यात लेक आणि नात सुट्टीला आल्या. मी ते यंत्र टेबलावर मांडून ठेवलं होतं. लेकीनं पाहिलं. एक रबरी कळ दाबली, सोडली, पुन्हा दाबली.

"अशाच होत्या," ती म्हणाली. मग हसली. "काका म्हणायचे, सगळं बी एका वावरात पेरू नको. गेम दोनदा साठव. एकदा कॅसेटच्या सुरुवातीला, एकदा पार शेवटी. मी तसंच केलं होतं."

"मग?" नातीनं विचारलं.

"मग काय. आजीनं अख्खी भरली ना."

माझ्या हातात चहाचा कप होता. तो खाली ठेवला.

अख्खी कुठे? दूध उतू चाललं होतं! नऊ गाणी, अठरा-वीस मिनिटांची. कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची. पुढच्या दहा मिनिटांत काय आहे हे आमच्या घरात कोणी कधी ऐकलंच नव्हतं. दर कोजागिरीला मीच तर बटण दाबत आले होते.

"मी थाप मारली होती," मी म्हटलं.

"काय?"

"अख्खी नव्हती भरली. मी उगाच म्हणाले."

लेक माझ्याकडे वळली. "आई, चाळीस वर्षं? काहून नाही सांगितलं?"

"तू विचारलंच कुठे?"

"मी विचारलं होतं," ती म्हणाली. "तेवढं एकच विचारलं होतं."

मी उठून देवघरातला रुमाल घेऊन आले.

नातीला तिथल्या तिथे कॅसेट लावायची घाई. मी तिचा हात धरला. जुनी टेप वाजवताना तुटू शकते, गुंडाळली जाऊ शकते. पहिलं वाजवणं हेच शेवटचंही ठरू शकतं. आणि आत एकटा गेम नव्हता, सासूबाईपण होत्या. पहिल्यांदा मी चिमट्यानं ती कागदाची गोळी काढली. चाळीस वर्षं तिथेच बसून होती, पहारेकऱ्याला मारून त्याच्या जागी उभ्या राहिलेल्या चोरासारखी. टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा मी नवा घातलेलाच होता. कान पुसले, म्हणजे त्याचे. ज्या तुकड्यावरून टेप सरकते तो स्पिरिटनं स्वच्छ केला. मग नातीचा लॅपटॉप जोडला, म्हणजे वाजता वाजता सगळं तिकडे उतरून निघेल. आणि कॅसेट पहिल्यापासून लावली. सासूबाईंचा मान आधी.

"मंग तू काहून मधात बोलून राहिली?" सासूबाई म्हणाल्या. आम्ही सगळे गप्प बसलो.

नऊ गाणी झाली. दूध उतू चाललं. खटकन आवाज आला. माझं बोट सवयीनं बटणाकडे गेलं, आणि नातीनं ते धरलं.

पुढे नुसती फुसफुस. एक मिनिट. तीन मिनिटं. लेक उठली, "पन्हं करते," म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. माझ्या मनात आलं, त्या बाईनं पुढे सासूबाईंचं घोरणंही भरलं असेल, तिचा काय भरवसा. पाच मिनिटं. सहा.

कूंऽऽऽ.

नात किंचाळली. नवरा खुर्चीतून अर्धा उठला आणि गुडघ्यांची आठवण होऊन परत बसला. चंद्रपूर नाही, गोंदिया नाही. हा माझ्या लेकीचा ट्रंक कॉल होता, आणि मी चाळीस वर्षं तो लावून दिला नव्हता.

आता जोडायचा होता. नात म्हणाली, "आजी, लॅपटॉपवर उलगडू या की." मी म्हटलं, त्याच्यासाठी जन्म पडलाय. आधी ज्याचं बोलणं त्याच्या कानात पडू दे. टेपरेकॉर्डरची तार काळ्या यंत्राला जोडली, टीव्ही लावला, कॅसेट मागे घेतली आणि वाजवली. पडद्याच्या कडेला पट्टे धावले, थोडा वेळ धावत राहिले आणि थांबले. खाली ओळ आली: टेप वाचण्यात चूक.

आवाज थोडा गोधडीतून आल्यासारखा होता. टेपरेकॉर्डरच्या त्या तुकड्याला एक बारीक स्क्रू असतो. त्यानं त्याचा कल बदलतो. लेकीनं ज्या टेपरेकॉर्डरवर भरलं त्याचा कल वेगळा असणार. मी डोळे मिटले, बारीक पेचकस लावला आणि केसभर केसभर फिरवत गेले. गोधडी पातळ होत गेली. एका जागी आवाज चरचरीत झाला, फोडणीत मोहरी तडतडावी तसा. तिथे थांबले. जो कान त्या दिवशी ऐन वेळी बहिरा झाला होता, त्याला मी एवढ्या वर्षांनी कामाला जुंपलं होतं.

पुन्हा वाजवली. या वेळी पट्टे बराच वेळ धावले. मग पुन्हा चूक. तिसऱ्यांदाही तसंच. पण दोन्ही वेळा चुकीच्या जरा आधी मला टीव्हीत एक 'टिक्' ऐकू आलं होतं. नातीला नाही, नवऱ्याला नाही. मी मान वळवली. खिडकीत आमचा कूलर घरघरत होता. त्याची मोटर जुनी झाली आहे. मधूनच अडखळते आणि घरातल्या विजेला ठेच लागते.

"कूलर बंद करा," मी म्हटलं.

"मे महिना आहे!" नवरा म्हणाला. "बाहेर सेहेचाळीस आहे! माणूस मरून जाईन!"

"पाच मिनिटं."

"पाच मिनिटांत शिजतो माणूस!"

"बाबा," स्वयंपाकघराच्या दारातून लेक म्हणाली, "माझा गेम आहे तो."

नवरा गुडघ्यांवर हात टेकत उठला, स्वतः जाऊन कूलरचं बटण बंद केलं, ओला पंचा डोक्यावर घेतला आणि टीव्हीसमोर येऊन मांडी घालून बसला. ती मांडी पुढे तासभर सुटली नाही, पण त्या वेळी कोणाला त्याची पर्वा नव्हती.

चौथ्यांदा. कूंऽऽऽ. लाल पट्टे. घर इतकं शांत की नवऱ्याच्या पंच्याचं पाणी टपटपताना ऐकू येत होतं. लेक दारातच उभी होती, हातात पन्ह्याची पळी.

"आता निळे-पिवळे येतील," ती हळूच म्हणाली.

निळे-पिवळे आले. धावत राहिले. एक मिनिट, दोन, चार. मग आवाज एकदम थांबला, पडदा काळा झाला, आणि वरून खाली एकेक करत ठोकळ्यांची रोमन अक्षरं उमटली: कूलर.

नवऱ्यानं अशी आरोळी ठोकली की शेजारची धावत आली. "काकू, काय झालं?" "मुलगी झाली!" मी म्हटलं.

पडद्यावर आमचंच घर होतं. एका कोपऱ्यात नळ, दुसऱ्या कोपऱ्यात कूलर, खाली खाटेवर झोपलेला माणूस. ठिपक्यांची एक मुलगी नळावरून बादली भरून कूलरपर्यंत न्यायची. कूलरमधलं पाणी संपत जायचं. ते पार तळाला गेलं की खाटेवरचा माणूस उठून बोंबलायचा.

"अवं, हा मी आहे!" नवरा म्हणाला.

आणि मध्ये कोणीतरी फेऱ्या मारत होतं. चौकोनी अंग, डोक्यावर एक गोळा, दोन्ही कानांना तारा. नातीनं मुलीला घेऊन सात-आठ पावलं टाकली असतील, ते चौकोनी धूड तिच्यावर येऊन आदळलं, बादली सांडली, आणि पडदाभर अक्षरं आली: अभ्यासाला बस!

"ही राक्षसीण कोण?" नातीनं विचारलं.

मग नवरा ओल्या पंच्यात तोंड खुपसून हलायला लागला, लेकीच्या हातातली पळी हलायला लागली, आणि सगळ्यात मोठ्यानं मी हसले. अंबाडा हुबेहूब होता! हेडफोनसुद्धा! कशाचा गेम, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

नात सहा वेळा हरली. मग लेकीनं पळी माझ्या हातात दिली आणि बसली. तिच्या बोटांनी कळा शोधल्या नाहीत. बोटं तिथेच जाऊन बसली. तिनं ती राक्षसीण अशी चुकवली, खाटेला वळसा घालून, भिंतीशी थांबून, ती वळेपर्यंत वाट पाहून, की मला कळलं, हे पोरीनं पडद्यावर नाही शिकलेलं.

मग नात पुन्हा खुर्चीत बसली, तिनं गेम थांबवला आणि आतलं लिखाण पडद्यावर काढलं. ओळींमागून ओळी वर सरकत गेल्या. ती वाचत गेली आणि तिचं हसू गेलं.

"आई, हे तू लिहिलंस? बारा वर्षांची असताना? कोणाला न विचारता?"

"विचारणार कोणाला? हिला?"

"पुरावा मान्य," नात म्हणाली. आणि खुर्चीतून उठून तिनं आईला जागा दिली, वर्गात बाई आल्यावर देतात तशी.

लेक म्हणाली, "शेवटचं थोडं राहिलंय. करू?"

"आधी साठव," मी म्हटलं. "दोनदा!" मी स्वतः नवी कॅसेट काढून दिली आणि भरून झाल्यावर तिची चौकट स्वतः मोडली. कडक्कन. फार बरं वाटलं.

दुपारभर लेक त्या टीव्हीसमोर बसली. कूलर पुन्हा सुरू झाला, आणि पाच वाजेपर्यंत त्यात मी चार बादल्या पाणी घातलं, तिच्या तारांना वळसे घालत. "आई, मधात नको येऊ," ती मान वर न करता म्हणाली. मी भिंतीशी थांबले.

संध्याकाळी तिनं हाक मारली. राहिलेलं एवढंच होतं: मुलीच्या हातात बादली भरलेली असेल आणि राक्षसीण अगदी समोर आली, तर एक कळ दाबून सगळं पाणी तिच्या अंगावर फेकायचं. बाराव्या वर्षी ते तिला जमलं नव्हतं. काकांना विचारणार होती.

नातीनं कळ दाबली. निळे ठिपके उडाले. अंबाडा सुटला, दोन्ही तारा लोंबल्या, आणि ती छत्तीस वर्षांची बाई पडद्याच्या मधोमध नखशिखान्त भिजून उभी राहिली.

"आणखी एक बादली टाक," मी म्हटलं. "ती एकदा सांगून ऐकणारी नाही."